फिरते घर आणि सासूबाईंचे गुडघे

आमच्या वारज्याला दोन नद्या आहेत. पहिली मुठा. खडकवासल्याच्या धरणातून सोडतील तेवढ्या पाण्यावर ती भागवते आणि वर्षातले बरेच महिने अगदी बेताने वाहते. दुसरी म्हणजे मुंबई-बंगळुरू महामार्ग. ही मात्र बाराही महिने दुथडी भरून असते. रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठावे, तर स्वयंपाकघराच्या खिडकीतून तांबड्या दिव्यांची रांग कात्रजच्या नव्या बोगद्याकडे निघालेली दिसते. मालाचे ट्रक, द्राक्षांच्या पेट्या, पवनचक्कीचे एकच पाते लादून गोगलगाईच्या चालीने निघालेली लांबलचक गाडी, जत्रेचे मोडून बांधलेले पाळणे! सगळे जग आपल्या दारावरून कुठेतरी निघाले आहे आणि आपण तेवढे दुधाच्या पिशवीची वाट पाहत बसलो आहोत, असे वाटायला लावणारी ही जागा आहे.

या नदीत अलीकडे अधूनमधून एक नवीन होडी दिसते. तिला कॅराव्हॅन म्हणतात. म्हणजे चाकांवरचे घर. त्यात बिछाने असतात, ओटा असतो, फ्रीज असतो, मोरी असते आणि संडास असतो. या शेवटच्या वस्तूचा उल्लेख दिवाळी अंकात करावा की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. पण ती वगळली तर मला सांगण्यासारखे काही उरतच नाही.

हौसेखातर घर घेऊन हिंडणाऱ्यांचा मूळपुरुष म्हणून गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टराचे नाव घेतात. आरमारातून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने १८८५ साली महोगनी लाकडाची एक प्रशस्त गाडी बांधून घेतली, तिचे नाव ‘वॉन्डरर’ ठेवले, तिला दोन घोडे जोडले आणि दक्षिण इंग्लंडातून निघून थेट स्कॉटलंडातले इन्व्हरनेस गाठले. गाडीपुढे तीनचाकी सायकलीवर त्याचा नोकर चालत असे. समोरून कोणी येत असेल तर त्याला आधीच सावध करायचे, हे त्याचे काम. पुढे १९०७ मध्ये इंग्लंडात अशा हौशी लोकांचा क्लबच निघाला. त्या सायकलवाल्या नोकराला वाचकांनी ध्यानात ठेवावे. आमच्या प्रवासात ही भूमिका आमच्या ह्यांच्याकडे आली.

आपल्याकडे अशी हौस नव्हती, पण घर घेऊन निघण्याची रीत फार जुनी. लमाणांचे तांडे बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. धनगरांचा वाडा अजूनही पावसाळा सरला की घोड्यावर संसार बांधून, कोंबड्या आणि कोकरांसकट, कोकणाकडे उतरतो. आणि वारी तर आपल्या डोळ्यांसमोरची. आळंदीहून माउलींची पालखी निघाली की प्रत्येक दिंडीमागे तिचा ट्रक असतो. राहुट्या, पातेली, शिधा, अंथरुणे, सगळे त्यात. मुक्कामी पोचावे, राहुटी ठोकावी, पहाटे उपटावी. साहेबाने जे हौस म्हणून केले ते आपल्याकडे लाखो माणसे भक्ती म्हणून करत आली. मात्र वारी करून आलेल्या बायकांना एकीकडे बोलावून विचारा. चालण्याचा त्रास त्या सांगणार नाहीत. अंधार असताना उठावे लागते, आडोसा शोधावा लागतो, हे सांगतील. अलीकडे ‘निर्मल वारी’ म्हणून पालखीच्या वाटेवर फिरती शौचालये ठेवू लागले, तेव्हा कुठे त्यांची थोडी सोय झाली.

आता सासूबाईंविषयी. आम्ही निघालो तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये, त्या ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. नऊ वर्षे त्यांनी पुणे सोडले नव्हते. नात्यात लग्न निघो, मुंज निघो, त्यांचे उत्तर ठरलेले: “तुम्ही जा. माझे गुडघे काही मला येऊ देत नाहीत.” ह्यांनी दोन डॉक्टर केले, तेल आणले, पट्टे आणले. गुडघ्यांत वयोमानाने व्हायचे तेवढेच झाले आहे, असे दोन्ही डॉक्टर म्हणाले. मला ते आधीच ठाऊक होते. कारण गावाला न्यायचे म्हटले की दुखणारे हे गुडघे पापड वाळत घालायला गच्चीच्या अठरा पायऱ्या मुकाट्याने चढत.

एकदा संध्याकाळी वीज गेली होती आणि आम्ही दोघीच घरात होतो. अंधारात माणसे खरे बोलतात. त्या म्हणाल्या, “अगं, गुडघ्यांचं काही नाही. शेवटचे आपण कुलदैवताला गेलो ना, तेव्हा वाटेत मला तीनदा गाडी थांबवायला सांगावी लागली. एका ठिकाणी दाराला कुलूप, दुसरीकडे आत पाय ठेववेना. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा जावई काही बोलला नाही हो. फक्त घड्याळ पाहिलं त्याने. तेव्हापासून माझे गुडघे दुखतात.”

मी काय बोलणार? एस.टी.ने लांब जायचे तर आदल्या रात्रीपासून पाणी प्यायचे नाही, हे मी सोळाव्या वर्षी आईकडून शिकले आणि आजवर विसरलेले नाही. हे व्रत आपल्याकडच्या बहुतेक बायका करतात. त्याला पोथी नाही आणि उद्यापनही नाही.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले होते. अशा गाड्यांना पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय मिळेल अशी उद्याने व्हावीत, असे त्यात म्हटले आहे. ती बातमी मी कापून ठेवली होती. मग भाड्याने गाडी देणाऱ्या एका कंपनीचा पत्ता लागला. भाडे ऐकून हे म्हणाले, “एवढ्यात आपण तिघे विमानाने दिल्लीला जाऊन येऊ.” मी म्हटले, “दिल्लीला आपला व्याडेश्वर नाही.” आमचे कुलदैवत गुहागरचे. या युक्तिवादापुढे कोणाही कोकणस्थाला बोलता येत नाही.

ठरल्या दिवशी पहाटे गाडी आली, पण आमच्या दारात आली नाही. इमारतीच्या फाटकावर नाव मिरवणारी लोखंडी कमान आहे, आणि गाडीचे टोक तिच्याहून वीतभर उंच निघाले. गाडी सेवारस्त्यावर उभी राहिली. अर्ध्या तासात तिच्याभोवती माणसे जमली. पहारेकऱ्याने विचारले, “रक्तदान शिबिर किती वाजेपर्यंत हाय?” भाजी घेऊन चाललेल्या एका आजोबांना हा फिरता दवाखाना वाटला, त्यांनी रक्तदाब मोजण्यासाठी बाहीच वर केली. दोन कॉलेजातली मुले कोण नट आला आहे हे पाहायला आत डोकावली आणि ह्यांना बनियनवर पाहून निराश होऊन परत गेली.

सासूबाईंसाठी आम्ही पायरीखाली घरचा चौरंग ठेवला. त्या वर चढल्या, गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, ते छोटे दार उघडून आत पाहिले, कडी लावून पाहिली, काढून पाहिली. मग पुन्हा लावून पाहिली. मला वाटले, जागा अरुंद म्हणून कुरकुरतील. त्या म्हणाल्या, “पानशेतच्या पुरात माहेरचं घर गेलं, तेव्हा आम्ही नऊ माणसं निसेन हटीत राहत होतो. हा तर वाडा आहे.” १९६१ च्या १२ जुलैला ज्यांची घरे मुठेने नेली, त्या पुणेकरांना जागेची तक्रार करता येत नाही.

कात्रजचा बोगदा मागे पडला आणि आम्हाला पहिला धडा मिळाला. घर जागच्या जागी असते तोवरच ते घर असते. चालू लागले की त्यातल्या प्रत्येक वस्तूला पाय फुटतात. खंबाटकीच्या घाटात कपाटाची खिटी निघाली. ती मुळातच सैल होती, असे चालकदादांनी नंतर सांगितले. आधी पोह्यांचा डबा आला, मग तवा आला आणि शेवटी मेतकुटाची बरणी येऊन ह्यांच्या मांडीवर फुटली. पुढचे दोन दिवस हे जिथे जात तिथे आसपासच्या माणसांना मऊभाताची आठवण होई. न्याहारीला आम्ही रस्त्याकडेला थांबलो, दार उघडून चहा टाकला, तोच मोटारसायकलवरचे दोघे उतरले आणि म्हणाले, “दोन मिसळ. एक कमी तिखट.” सासूबाईंनी त्यांना पोहे खायला घातले. पैसे घेतले नाहीत म्हणून ते बिचारे बुचकळ्यात पडले.

उंब्रजला महामार्ग सोडून आम्ही पाटणच्या रस्त्याला लागलो. इथून पुढे ह्यांचे स्टेबल्ससाहेबाच्या नोकराचे काम सुरू झाले. गावातल्या रस्त्यावर आडवी गेलेली तार दिसली, की हे खाली उतरत आणि हातात काठी घेऊन तार वर धरत. एका वडाच्या फांदीला त्यांनी इतक्या अदबीने बाजूला केले की शाळेतून परतणारी मुले टाळ्या वाजवू लागली. कोयनानगर आले तेव्हा सासूबाईंना १९६७ च्या ११ डिसेंबरची पहाट आठवली. त्या भूकंपाचा हादरा पुण्यालाही बसला होता. “याला काखोटीला मारून मी अंगणात धावले होते,” असे म्हणून त्यांनी ह्यांच्याकडे बोट दाखवले. हे तेव्हा दीड वर्षाचे होते. छप्पन्नाव्या वर्षी काठीने तारा उचलतील, हे तेव्हा कोणाला ठाऊक?

कुंभार्ली घाट उतरताना गाडी थांबली. पुढे एका वळणावर मालट्रक आडवा होऊन बंद पडला होता. खालच्या गाड्या खाली, वरच्या वर. एक तास गेला, दुसरा गेला. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये गाड्यांची रांग. आमच्या पुढेच एक लाल गाडी उभी होती. पुरुष मंडळी उतरून पांगली, विड्या ओढून आली, कड्याच्या वळणाआड जाऊन आली. बायका तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांतल्या दोघी उतरल्या, रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाहिले, खाली दरीत पाहिले आणि परत जाऊन बसल्या.

सासूबाई खिडकीपाशी होत्या. त्या नुकत्याच ते छोटे दार उघडून, कडी लावून, कोणालाही न विचारता जाऊन आल्या होत्या. दिवसभरात तिसऱ्यांदा. आणि कोणी घड्याळ पाहिले नव्हते. त्यांनी लाल गाडीकडे पाहिले आणि मला म्हणाल्या, “बोलाव त्यांना.”

“कोणाला?” हे म्हणाले.

“तू खाली उतर आणि चालकाला घेऊन पुढे ट्रकचं काय झालं ते बघून ये. लगेच येऊ नकोस.”

मी जाऊन सांगितले. आधी कोणी उठेना. मग एक पोक्त बाई आल्या. पाच मिनिटांनी त्या परतल्या आणि गाडीत चढून काहीतरी बोलल्या. त्यानंतर रांगच लागली. एक लेकुरवाळी आली; तिचे मूल सासूबाईंनी मांडीवर घेतले. दोन कॉलेजच्या मुली आल्या. दिवस गेलेली एक मुलगी चिपळूणला माहेरी निघाली होती. ती नुसती कॉटवर पाच मिनिटे आडवी झाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. संक्रांत नुकतीच झालेली होती. सासूबाई दारात बसून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. चौदा बायका झाल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या वारज्याच्या घरीसुद्धा नऊ वर्षांत एवढ्या बायका जमल्या नव्हत्या.

ट्रक हलला तेव्हा संध्याकाळ होत होती. आमच्या पाण्याची टाकी रिकामी झाली होती आणि दुसरी टाकी भरली होती. या दुसऱ्या टाकीचे काय करतात, हा प्रश्न कॅराव्हॅनच्या जाहिरातींत कधी येत नाही. ती भरेल तिथे उघडून द्यायची नसते. ती मैलाटाकीतच रिकामी करावी लागते, आणि त्यासाठी मैलाटाकीचा मालक भला असावा लागतो. सरकारी धोरणातले उद्यान आमच्या वाटेवर नव्हते. रात्री आठ वाजता गुहागरला पोचल्यावर हे दारोदार फिरून हाच प्रश्न विचारत होते. “आम्हाला खोली नको, जेवण नको, फक्त तुमची मैलाटाकी हवी,” असे परक्या माणसाने रात्री येऊन म्हटले तर दार लावून घेणाऱ्याला दोष कसा द्यावा? तिसऱ्या घरी एक वहिनी भेटल्या. घाटातली हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, “मग आणा की गाडी वाडीत. आणि जेवायलाही या. भात टाकते.”

वाडीतली जमीन उताराची. निजलो तर सगळ्यांची डोकी खाली आणि पाय वर. वहिनींच्या घरच्यांनी जांभ्याचे चिरे आणून पुढच्या चाकांखाली दिले, तेव्हा घर सरळ झाले. मध्यरात्री विजेची बॅटरी संपली आणि पंखा बंद पडला. उकाड्याने नुकता डोळा लागत होता, तोच छतावर तोफ डागल्यासारखा आवाज झाला. हे ताडकन उठले. सासूबाई अंधारातून शांतपणे म्हणाल्या, “झोप रे. नारळ आहे.” आणखी दोन तोफा झाल्या, तेव्हा चालकदादांनी बिचाऱ्यांनी उठून गाडी माडाखालून चार हात बाजूला घेतली. चिऱ्यांवरून उतरल्यामुळे आमची डोकी पुन्हा खाली गेली आणि पहाटेपर्यंत तशीच राहिली. छताला पडलेल्या खड्ड्यांचे पैसे कंपनीने पुढे बिलात लावले. नारळ मात्र वहिनींनी आम्हाला फुकट दिले.

आणि तरीही त्या पहाटेसाठी मी पुन्हा सारे सोसेन. गाडी सुरूच्या बनाकडे नेऊन उभी केली होती. दार उघडले की समोर समुद्र. आमच्या घरचे भांडे, आमचाच चहा, आणि गुहागरचा तो लांबच लांब किनारा अजून कोणाच्या पावलांनी मळलेला नाही. हॉटेलात सकाळ दाराबाहेर थांबते आणि अकराला खोली सोडा म्हणते. इथे सकाळ आपल्या ओट्यावर येऊन बसली होती. सासूबाई चौरंगावर पाय ठेवून उतरल्या, माझा हात धरून वाळूत शिरल्या आणि पाण्यापर्यंत चालत गेल्या. पहिली लाट पायांवरून गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. नंतर व्याडेश्वराला अभिषेक झाला, दुर्गादेवीची ओटी भरली. पण परतताना त्यांना विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम नाव घेतले ते कुंभार्ली घाटाचे.

प्रवासाला निघताना घर बरोबर घ्यावे, यात मला पूर्वी श्रीमंतांचा छांदिष्टपणा दिसे. घर सोडून जाण्यातच प्रवासाची मौज, असे मीही मानत असे. पण ज्यांना वाटेत कुठेही उतरता येते, भिंतीआड जाता येते, त्यांच्यापुरते ते खरे आहे. बाकीच्यांना घराबाहेर पडता यावे म्हणूनच घरातला एक कोपरा बरोबर न्यावा लागतो. कड्यावर आणि दरीवर, प्रत्येक गावच्या चौकात, स्वच्छ आणि आतून कडी लागणारी एक खोली मिळू लागली, तर आमच्यासारख्यांना एवढे भाडे भरण्याचे कारण उरणार नाही. तोवर कॅराव्हॅन हीच आमची राहुटी.

घरी आल्यावर ह्यांनी हिशेबाची वही उघडली. भाडे, डिझेल, छताचे खड्डे, मेतकुटात गेलेली पँट. बेरीज पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सासूबाईंनी उशाखालून आपले बँकेचे पुस्तक काढले आणि त्यांच्यापुढे ठेवले.

“दिवाळीनंतर पुन्हा काढू गाडी,” त्या म्हणाल्या. “कोल्हापूरला जाऊ. आणि या खेपेला शेजारच्या आजींनाही घ्यायचं.”

“त्या कुठल्या यायला?” हे म्हणाले. “त्या तर कधी कुठेच जात नाहीत. त्यांचे गुडघे फार दुखतात म्हणे.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले.

“हो ना,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच.”